दोन वर्षांची बेगमी

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील ट्रॉम्सो या नगरात नोव्हेंबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर डोके काढीत नाही, आणि त्या मुलुखात बाजारपेठेवर विसंबून न राहता स्वतःच्या हिकमतीवर संसार चालवू पाहणाऱ्या कुटुंबाच्या वर्षाची सारी आखणी या एका घटनेपासून मागे मोजीत केलेली असते. वसंतात तोडून फोडलेले भूर्जाचे लाकूड उन्हाळाभर वाऱ्यावर रचून ठेवावयाचे, कारण ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा वाटा पाण्याचा असतो व ते पेटविले तर त्याची बरीचशी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. लोफोटेन बेटांवर फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत कॉड मासा मिठाचा कणही न लावता लाकडी मांडवांवर टांगून कडक वाळवावयाचा. बटाटे व कंदमुळे तळघरात, गोठणार नाहीत आणि मोडही येणार नाहीत अशा बेताच्या थंडाव्यात ठेवावयाची. या उद्योगाचे वर्णन ऐकताना मन दडपून जाते खरे, तथापि त्या संकटाचा एक गुण मान्य केला पाहिजे: तो हिवाळा निर्दय असला तरी बेभरवशाचा नाही. तो कोणत्या पंधरवड्यात येणार आणि कोणत्या पंधरवड्यात हटणार हे ठाऊक असल्यामुळे किती लाकूड लागेल व किती मासळी लागेल याचा ताळेबंद शरद ऋतूतच पक्का करता येतो.

आपल्याकडे या प्रकाराशी अधिक जवळचे नाते कोकणातील आगोटीचे आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी भात, सुकी मासळी, मीठ, कांदे, लाकूडफाटा घरात घेऊन चार महिने दार लोटून बसण्याची तयारी कोकणी माणूस करतो, आणि पाऊस तेथे बहुधा आपला करार मोडीत नाही. सह्याद्री ओलांडून देशावर आले की मात्र प्रश्नाचे स्वरूपच पालटते. नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला ज्या संकटासाठी धान्य राखून ठेवावयाचे असते ते तिथी-वार ठरवून येत नाही. पाच-सहा वर्षे ते फिरकतही नाही आणि मग लागोपाठ दोन वर्षे मुक्काम ठोकते. म्हणून उत्तरेकडील कुटुंब एका ऋतूची बेगमी करते, तर इथल्या जाणत्या घराने चालू वर्षाचे धान्य खाताना मागच्या वर्षाचे अद्याप शिल्लक आहे की नाही हे पाहिले. या भागातील साठवणुकीच्या सर्व युक्त्या, त्यांचे शहाणपण आणि त्यांच्या मर्यादा या एकाच परिस्थितीतून निघाल्या आहेत असे माझे मत आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषयही तोच आहे.

सावेडी हे नगर शहराच्या उत्तरेस, मनमाड रस्त्याच्या अंगाला वसलेले मूळचे शेतकऱ्यांचे गाव; आज ते शहराचे मोठे उपनगर झाले असून ज्या शिवारात ज्वारी डुलत असे तेथे वसाहती, शाळा व दवाखाने उभे आहेत. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी पर्जन्याच्या नकाशावरील त्याची जागा पूर्वीचीच आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात, जेथे कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर आहे, तेथे घाटघरच्या बाजूला वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. आणि त्याच जिल्ह्यात, सह्याद्रीने ढगांतील पाणी काढून घेतल्यानंतर, नगर शहराच्या वाट्याला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच काय ते उरतात. हा पाऊसही एकसारखा पडत नाही. जून-जुलैत त्याची हजेरी तुटक असते आणि खरा भरवसा सप्टेंबर-ऑक्टोबरातील उत्तरा-हस्ताच्या पावसावर ठेवावा लागतो. थंडी म्हणाल तर ती इथेही पडते. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या रात्री पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो, शेकोट्या पेटतात, पण त्या थंडीचे कुणी भय धरीत नाही, कारण तीच ज्वारीच्या कणसात दूध भरविते आणि तिच्याच दिवसांत शेताच्या बांधावर आगटी करून हुरडा भाजला जातो. घरे बंद करून बसावे असा इथला ऋतू पावसाळा. आणि ज्याचा धसका घ्यावा तो न आलेला पावसाळा.

या परिस्थितीत धान्य साठविण्याच्या आधी पाणी साठवावे लागते, आणि ते साठविण्याचे इथले सर्वांत जुने पात्र म्हणजे जमीन. भारी काळी जमीन एक मीटर खोलीच्या थरात पिकाच्या उपयोगी पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते. म्हणजे सप्टेंबरअखेर पावसाने निरोप घेतला तरी त्याचा मोठा हिस्सा मातीत शाबूत असतो. रब्बी ज्वारी नेमकी याच शिलकीवर जगते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाभरीने पेरलेले बियाणे पुढे चार महिने आकाशाकडे फारसे न पाहता मुळ्या खाली खाली सोडीत जाते, आणि शेतकरी कोळपणी करून वरच्या भेगा बुजवितो, कारण त्या भेगांवाटेच ओल उडून जाते. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने या पिकाच्या वाणांची शिफारस करताना जमिनीची खोली हाच निकष धरला आहे: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा, आणि मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली जुनी मालदांडी अजूनही आपल्या भाकरीच्या चवीवर पाय रोवून आहे. ही शिफारस वस्तुतः साठवणुकीचाच हिशेब आहे. ज्या जमिनीत पाणी कमी मावते तिला लवकर पिकणारा वाण द्यावयाचा, म्हणजे शिल्लक संपण्यापूर्वी दाणा भरलेला असेल.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी खळ्यावर येते आणि त्यानंतरचे काम बहुतांशी स्त्रियांच्या हाती जाते. सावेडीत आज खळी राहिली नाहीत, परंतु एप्रिलच्या मध्यास गुलमोहर रोड किंवा पाइपलाइन रोडच्या आतल्या गल्ल्यांतून सकाळी हिंडावे, म्हणजे गच्च्यागच्च्यांवर जुन्या साड्या अंथरून त्यांवर गहू, ज्वारी, तूरडाळ, मिरच्या व धने पसरलेले दिसतात. घरातील वडीलधारी बाई दुपारी वर जाऊन पायाने दाण्यांत सऱ्या पाडते, म्हणजे खालचा थर वर येतो. मग चार दाणे उचलून दाढेखाली धरते. दाणा कट्‌कन फुटला तर वाळला, चेपला तर आणखी दोन उन्हे. सुनेने घाई करून गरम धान्य तसेच कोठीत ओतावयास घेतले तर ती तिला थांबविते. रात्रभर ते खोलीत पसरून गार होऊ देते आणि सकाळी भरावयास सांगते. तिचे प्रत्येक पाऊल शास्त्राच्या कसोटीस उतरते. धान्यातील सोंडा आपले अंडे दाण्याला भोक पाडून आत घालतो, त्यामुळे चाळून-पाखडून तो सर्वस्वी जात नाही; मात्र दाण्यातील ओलावा दहा-अकरा टक्क्यांच्या खाली गेला की त्याची प्रजा वाढेनाशी होते, आणि तापलेल्या गच्चीवरील पातळ थरात उष्णता पन्नास अंशांच्या पलीकडे गेली की अंड्या-अळ्यांचा तेथेच निकाल लागतो. गरम धान्य बंद डब्यात कोंडले तर आतली वाफ रात्री गार पत्र्याला लागून तिचे पाणी होते आणि काठाकाठाने बुरशी धरते. म्हणून ते गार करून भरावयाचे.

उत्तरेकडील माणसाला कीड आवरण्यासाठी दंव पुरते. दख्खनच्या माणसाला ते काम एप्रिलच्या कोरड्या उन्हाकडून करून घ्यावे लागते, आणि त्यानंतर पावसाळ्याची दमट हवा पुन्हा त्या धान्यात ओल घालणार हे ध्यानात ठेवून पुढची तजवीज करावी लागते. ज्वारीत सावलीत वाळविलेला कडुनिंबाचा पाला घालतात. कडधान्याला मात्र निराळा उपचार लागतो, कारण त्यातील भुंगेरा दाण्याच्या वरच्या सालीवर अंडे चिकटवितो. तेथे एरंडेलाचा हलका हात फिरविला की त्या अंड्यांचा श्वास कोंडतो. बियाण्यासाठी राखलेल्या दाण्यांत राख मिसळतात. राखेचे सूक्ष्म कण दाण्यांमधील पोकळी भरून काढतात आणि किड्याच्या अंगावरील मेणासारखे आवरण खरवडतात, त्यामुळे त्याच्या अंगातील पाणी उडून तो कोरडा पडून मरतो. हे ज्ञान कुठल्याही दप्तरात नोंदलेले नव्हते. ते सासूकडून सुनेकडे आले आणि एका पिढीत ते तुटले तर पुन्हा जुळणे कठीण, याची चिंता मला वाटते.

साठवणुकीच्या पात्रांचा तर एक स्वतंत्र संसार होता. तुराट्या किंवा निरगुडीच्या फोकांची विणून शेणामातीने लिंपलेली कणगी, वाड्याच्या भिंतीत काढलेले बळद, मातीचे रांजण, एकावर एक चढविलेल्या मडक्यांची उतरंड, आणि या सर्वांचा मूळपुरुष शोभेल असे पेव. पेव म्हणजे धान्याचे भुयार. गावातील उंच, मुरमाड व पाणी न साचणारी जागा पाहून तोंडाशी अरुंद व पोटात रुंद असा खड्डा खणावयाचा, आत जाळ करून त्याच्या भिंती भाजून कोरड्या करावयाच्या, तळाला व कडेला भुसाचा आणि कडब्याचा जाड थर द्यावयाचा, धान्य तोंडोतोंड भरून वर पुन्हा भूस, त्यावर फरशी आणि त्यावर माती चोपून शेणकाल्याने सांधे बुजवावयाचे. आत कोंडलेली हवा थोडी. धान्य आणि त्यातले किडे श्वासोच्छ्वास करून तिच्यातला प्राणवायू लौकरच संपवितात व कर्बवायू वाढतो, आणि मग किडे स्वतःच निर्माण केलेल्या हवेत गुदमरून मरतात. कोणतेही औषध न घालता दोन-दोन वर्षे ज्वारी टिकविणारी ही योजना आजच्या हवाबंद पिशव्यांच्या तत्त्वाहून यत्किंचितही निराळी नाही.

पेवाचे दोष इथल्या लोकांना पूर्ण ठाऊक होते. कडेच्या धान्याला कुबट वास लागे आणि त्याच्या भाकरीला तो येई. पेवातला दाणा उगवणीला निकामी होई, म्हणून बियाणे त्यात कधी घालीत नसत, ते वेगळे मडक्यात वा कणसे टांगून राखीत. सर्वांत मोठा धोका पेव उघडताना असे. जो कर्बवायू किडे मारतो तोच माणूसही मारतो. म्हणून फरशी काढल्यावर काही घटका तोंड उघडे ठेवावयाचे, दोरीने दिवा आत सोडावयाचा, तो विझला तर कुणीही उतरावयाचे नाही, हा दंडक होता आणि तो मोडणारे जीव गमावीत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी पंधराव्या शतकातील दुष्काळात बेदरच्या बादशाहाची धान्याची कोठारे भुकेल्या रयतेला खुली केली ही कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. त्या कथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एवढे उरतेच की ज्वारीच्या प्रदेशात सत्तेची खरी तिजोरी धान्याची होती. पन्हाळ्यावरील अंबारखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती या तीन कोठ्या पाहिल्या की हीच गोष्ट दगडात बांधलेली आढळते. आणि मराठ्यांच्या गडांवर हवालदार व सबनीस यांच्या जोडीला कोठीच्या जिनसांचा हिशेब ठेवणारा कारखानीस स्वतंत्र नेमलेला असे, यावरून बेगमीला राज्यकारभारात किती मान होता ते दिसते.

घरातील टिकाऊ पदार्थांबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्यांच्याकडे आपण केवळ चवीच्या दृष्टीने पाहतो. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून त्याचा चीक काढतात, तो निवळू देतात आणि वरचे पाणी टाकून खालचा पांढरा गोळा उकळत्या पाण्यात हिंग-मीठ घालून शिजवितात. तो सोऱ्यातून प्लास्टिकच्या कागदावर पाडून दोन उन्हांत वाळला की वर्षभर त्याला काही होत नाही. या खटाटोपात गव्हातील कोंडा आणि तेलकट कोंब निघून जातो व शुद्ध पिष्ट तेवढे उरते. खवट होते ते तेल. पिष्ट खवट होत नाही. बाजरीचे पीठ आठवड्याभरात कडू का पडते त्याचे उत्तरही येथेच आहे, कारण बाजरीत तेलाचा अंश अधिक आणि दळताच तो हवेशी व दाण्यातील पाचकद्रव्याशी मिसळतो. म्हणून नगरकडच्या गृहिणीने बाजरी दाण्याच्या रूपानेच ठेवली, दोन-चार दिवसांपुरती दळली, आणि जे पीठ दीर्घकाळ ठेवावयाचे ते आधी दाणे भाजून केले. येसर हे असे पीठ आहे. बाजरी किंवा ज्वारी, गहू व हरभऱ्याची डाळ खमंग भाजून, मसाल्याबरोबर दळून डब्यात भरून ठेवले की पावसाळ्याच्या झडीत, भाजी आणावयास बाहेर पडता येत नाही अशा दिवशी, पाण्याला फोडणी देऊन त्यात दोन पळ्या येसर कालविला म्हणजे घरभर पुरेल इतकी आमटी होते. भाजल्याने ती पाचकद्रव्ये नष्ट होतात आणि ओल उडून जाते, हे त्याच्या टिकाऊपणाचे रहस्य.

या युक्तीचा जोडीदार आपल्याच देशाच्या उत्तर टोकाला सापडतो. नगरला लष्कराचे मोठे ठाणे आहे, आर्मर्ड कोअरचे प्रशिक्षण केंद्र येथेच आहे, आणि जिल्ह्यातील अनेक घरांतून माणसे फौजेत गेलेली आहेत. त्यामुळे लडाखचा हिवाळा इथल्या पुष्कळ कुटुंबांच्या ऐकण्यातला आहे. साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहला काश्मीरशी जोडणारी जोझिला खिंड बर्फाने पूर्वी महिनोन्‌महिने बंद राहत असे. सीमा सडक संघटनेने हा काळ अलीकडे काही आठवड्यांवर आणला आहे. या बंदीसाठी लडाखी कुटुंब बटाटे, मुळे व सलगम जमिनीत पुरते, जर्दाळू वाळविते, जनावरांचे शेण जळणासाठी सुकविते आणि जवाचे दाणे भाजून त्यांचे पीठ करते, ज्यात लोण्याचा चहा कालवला की जेवण तयार होते. बर्फाळ पठारावरची ती गृहिणी आणि नगरची येसर करणारी गृहिणी यांची कधी गाठ पडलेली नाही. जळण महाग, ताजी भाजी दुर्मिळ आणि दाणा हाच आधार, अशी अवस्था दोघींची सारखी, म्हणून तोडगाही सारखा निघाला.

माणसाच्या बेगमीइतकीच जनावराची बेगमी महत्त्वाची, किंबहुना दुष्काळात प्रथम तीच कोसळते. ज्वारीचा दाणा माणसाला व कडबा बैलाला, हे या पिकाचे मोठे औदार्य. ज्या वाणाचा कडबा तोकडा तो वाण, दाणा कितीही देवो, इथल्या शेतकऱ्याने सहजासहजी पत्करला नाही. कडब्याच्या पेंढ्या रचून गंज घालताना पेंढ्यांचे शेंडे आत व बुडखे बाहेर ठेवतात, माथा निमुळता करून शाकारतात, म्हणजे पाऊस आत न शिरता ओघळून जातो. गोवऱ्यांचा हुडवाही असाच रचून वरून शेणाने लिंपतात. चांगल्या वर्षी गंज विकून पैसा करण्याचा मोह ज्याने आवरला त्याचे बैल पुढच्या वर्षी दावणीला राहिले. २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि बायामाणसे जनावरांसोबत महिनोन्‌महिने छावणीत राहिली, तेव्हा घरोघरच्या गंजी किती नाहीशा झाल्या होत्या ते सर्वांना दिसले.

येथे स्वावलंबन या कल्पनेचा थोडा झाडा घेणे अवश्य आहे. एकट्या घराने सर्व काही स्वतः करावे अशी कल्पना उत्तरेकडील एकाकी झोपड्यांच्या वर्णनातून आपल्यापर्यंत येते. आपल्या गावगाड्यात ती कधीच नव्हती. कणगी बुरुडाने विणावी, रांजण कुंभाराने घडवावा, पाभर सुताराने नीट करावी, फाळ लोहाराने शेवटावा, आणि या सर्वांना खळ्यावरच धान्याचे बलुते मिळावे, अशी ती रचना. परंतु तिचा गौरव करताना तिच्यातील अन्याय लपविता कामा नये. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, ज्यांना गावकुसाबाहेर राहणे भाग होते, त्यांच्या घरात कणगीच नव्हती; त्यांची बेगमी दुसऱ्याच्या मर्जीवर होती आणि दुष्काळ पडताच गाव सोडण्याची पहिली पाळी त्यांचीच येई. ही विषमता आजही वेगळ्या रूपाने चालू आहे. जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि गाडीत बाजरीची पोती, तिखट-मीठ, चटणीचे डबे, तवा, अंथरूण, एखादी शेळी. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने हा संसार फडाशेजारच्या कोपीत काढावयाचा. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी घरात किती पायल्या ठेवावयाच्या आणि बरोबर किती न्यावयाच्या, हा हिशेब त्या बाईला निघण्यापूर्वी करावा लागतो. ध्रुवप्रदेशातील कुणाच्याही हिवाळ्याच्या तयारीहून तो सोपा आहे असे मला वाटत नाही.

पेवे ओस कशी पडली हे सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त केले. त्याच सुमारास बांधला गेलेला, नगरवरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि त्याच्या मातीकामावर दुष्काळाने नाडलेले मजूर राबले. आगगाडीने उपाशी मुलखात धान्य आणता येऊ लागले हे तिचे उपकार खरेच. पण तिनेच सुकाळातले धान्य दूरच्या बाजारी नेण्याची वाटही मोकळी केली. सारा रोख भरावयाचा, सावकाराचे हप्ते चुकते करावयाचे, आणि दारात व्यापारी उभा, अशा स्थितीत दोन वर्षांचे धान्य भुईत पुरून ठेवणे रयतेला परवडेनासे झाले. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले त्यांच्या मुळाशी सारा व सावकार यांचीच कोंडी होती. पुढे १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा पेवे जवळजवळ नव्हतीच. लोकांनी अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली, आणि खडी फोडून, पाझर तलावांची माती वाहून दिवस काढले. त्या अनुभवातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना मला पेवाच्या परंपरेतलीच एक संस्था वाटते, आणि एका बाबतीत ती पेवाहून श्रेष्ठ आहे, कारण तिच्यात ज्याच्या घरी कणगी नाही त्याचाही हक्क मान्य केलेला आहे.

या जिल्ह्याने साठवणुकीचा विचार सोडून दिला असे मात्र कुणी म्हणू नये. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाल्यानंतर डोंगरउतारावर चर खणले गेले, पाणी अडविले गेले, आणि पुढे गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पाडली: यंदा किती पडले, किती मुरले, त्यातून प्रथम माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी वजा करावयाचे आणि उरेल त्यावर रब्बीची पिके ठरवावयाची. उसाला व शेतीसाठीच्या बोअरला तेथे मनाई आहे. पेव झाकताना जे संयमाचे गणित केले जाई तेच हे गणित, एका घराऐवजी एका गावाने केलेले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बियाणे मडक्यांत, राखेत राखून बीजबँक उभी केली, आणि २०२० च्या पद्मश्री सन्मानांच्या यादीत पोपटरावांच्या बरोबरच त्यांचेही नाव आले. एकाच जिल्ह्यातील दोघांचा, एकाचा पाण्यासाठी व दुसरीचा बियाण्यासाठी, एकाच वर्षी गौरव व्हावा हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

सावेडीसारख्या उपनगरात आज धान्याची उणीव भासत नाही. उणीव भासेल ती पाण्याची, आणि तिची तयारी फारच थोड्या घरांतून आहे. शहराला मुळा धरणाचे पाणी येते, ते जलवाहिनी फुटल्याने किंवा वीज गेल्याने खंडित झाले की गच्चीवरील टाकी दोन दिवसांत रिकामी होते. निजामशाहीच्या काळी नगरला आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणले जाई, आणि त्या काळातील भिस्तबागेचा महाल सावेडीच्या शिवारात आजही उभा आहे; तेव्हाच्या कारभाऱ्यांनी पाण्याचा विचार वस्तीच्या आधी केला होता. आपल्याला तर ते दुरून आणण्याचीही गरज नाही. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर ५६० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ५२,००० लिटर पाणी जमते. त्यातला पाचवा भाग पहिल्या सरींबरोबर धूळ धुवून सोडून दिला तरी ४१,००० लिटरांवर उरते. पाच माणसांच्या घराला पिण्यास व स्वयंपाकास माणशी दहा लिटर धरले तर दिवसाला पन्नास लिटर लागतात, म्हणजे ते पाणी सव्वादोन वर्षे पुरते, आणि पाऊस निम्माच झाला तरी वर्ष निभावते. पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट खोल अशा झाकलेल्या, उजेड न शिरणाऱ्या टाक्यात ते सारे मावते. नवीन घराचा पाया खणला जात असतानाच हे टाके खणून घेतले तर खर्च थोडका येतो, नंतर फरशी फोडून करावयाचे म्हटले तर बराच. म्हणून सावेडीत जो कुणी यंदा घर बांधावयास काढील त्याने आराखडा मंजुरीला पाठविण्यापूर्वी त्यात टाक्याची जागा आखून घ्यावी.